डाव्या कानाची खाच

आखातातल्या फंजा गावच्या ईदेआधीच्या बाजारात विकणारे आपापली बकरी दोरीला धरून गोल फिरवत होते आणि घेणारे खजुराच्या सावलीत ऐटीत बसून भाव करत होते. माजी आमदार दयानंद परब हरखून गेले. सभागृहात पाच वर्षं काढून जी शिस्त पाहायला मिळाली नव्हती, ती इथे बकऱ्यांच्या बाजारात होती.

"म्हटलं, आमदारसाहेबांना आवडेल," अलीमियाँ म्हणाले. रत्नागिरीकडचा माणूस, गाला भागात गॅरेज, आणि अल् घुब्रा वस्तीत परबांच्या लेकीचा शेजारी. "घरात बसून कंटाळलात ना?"

कंटाळले होते खरे, पण लेक सोडत नव्हती. शिवांगीने आपणहून तिकीट पाठवलं होतं, आणि परतीचा विषय काढला की "ईद होऊ दे ना, बाबा," म्हणायची. परबांना त्याचं कोण कौतुक! मागे गावाकडे बकऱ्यांचा कळप सांभाळायला मुलगा सागर होता, म्हणून ते निर्धास्त होते.

कळपावर त्यांचा जीव. 'माझी बकरी सड्यावर चरतेय तोवर तिथे हॉटेल होऊ देणार नाही,' असं त्यांनी भर सभागृहात ठणकावलं होतं. तेव्हापासून लोक त्यांना बकरी आमदार म्हणू लागले, आणि पुढच्या निवडणुकीत गावानेच पाडलं. पण कुडाळच्या त्या कातळाच्या सड्यावर अजून गवतच उगवत होतं.

समोरून एक काळा बोकड गेला. लांब लोंबते कान, तोंडावर पांढरे पट्टे.

"बघा, आमच्याकडची जात!" परब अभिमानाने म्हणाले, आणि त्यांची नजर बोकडाच्या डाव्या कानावर गेली. कानाच्या टोकाला खाच होती.

ही खाच ते स्वतः पाडत. प्रत्येक करडाला, आपल्या हाताने, वर हळद दाबून. मागून आलेल्या बकरीच्या कानाला तीच खाच. तिच्या मागचीलाही.

मनाची समजूत घालावी म्हणून परबांनी जीभ टाळूला लावून सड्यावरची संध्याकाळची हाक दिली. फिरती रांग जागच्या जागी थांबली, आणि कानाला खाच असलेल्या सगळ्या बकऱ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. बोकड तर दोरीसकट विकणाऱ्याला ओढत आला आणि त्यांच्या तळहातावर मीठ शोधू लागला.

विकली. पोटच्या पोराने विकली. अलीमियाँ काही विचारणार, तोच परबांनी सागरला फोन लावला.

"काय रे, आपला कळप खंय आसा?"

"सड्यार चरता, बाबांनू. आणखी खंय जातलो?"

परबांनी फोन खाली बोकडाच्या तोंडाजवळ धरला. बोकड ओरडला. मग त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"बाबांनू," सागर म्हणाला, "ताईन अजून तुमका सांगूक नाय?"

परबांचा हात तसाच पुढे राहिला. बोकड रिकामा तळहात चाटत होता.