खालच्या शेतातला फणस

भिकाजीने खांद्यावरचा फणस पत्र्याच्या शेडच्या दारात उतरवला. "वहिनी, तुमच्याच झाडाचा. यंदाचा पहिला."

गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली, तेव्हा वहिनींचं घर आणि घरात झोपलेले त्यांचे यजमान मातीखाली गेले. यजमान सापडलेच नाहीत. परसातला फणस मात्र मुळांभोवतीच्या मातीसकट घसरत गेला आणि खाली, शेजारच्या भिकाजीच्या भातशेतात, उभाच्या उभा राहिला. वहिनी त्या दिवशी माहेरी होत्या. परत आल्यापासून त्या एकदाही रडल्या नव्हत्या. वाढलं की जेवायच्या, सांगितलं की झोपायच्या.

आताही त्यांनी विळी ओढली आणि फणस चिरायला घेतला. हाताला तेल लावायचं राहिलंच. बोटं चिकाने चिकटली तरी त्या गरे काढत राहिल्या. भिकाजीने आतून खोबरेलाची बाटली आणून पुढ्यात ठेवली, तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"पेरणी झाली का रे?"

"बाकीच्यांची झाली."

"आणि तुझी?"

भिकाजीने मान खाली घातली. "तुमच्याकडची सगळी माती माझ्या शेतात आलीय, वहिनी. दादा पण तिथंच असणार. नांगर कसा घालू?"

वहिनींचा हात थांबला. मग त्यांनी बाटली उघडली, तेलाने चोळून एकेक बोट मोकळं केलं आणि चार गरे पानावर काढून त्याच्यापुढे सरकवले.

"घाल नांगर," त्या म्हणाल्या. "पडीक शेत बघितलं की ह्यांना जेवण गोड लागायचं नाही."