बंड्या कुणाकुणाला चावला

पार्किंगमध्ये सोसायटीतला भटका कुत्रा बंड्या मरून पडला होता. तोंडाला फेस आला होता. बद्रीनाथ त्याच्याकडे वाकले आणि तसेच मागे सरकले.

चार दिवसांपूर्वी पोळी घालताना तो त्यांच्या मनगटाला चावला होता. जखम साबणाने धुऊन ते एकटेच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेऊन आले. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, असं नर्सने सांगितलं होतं. सोसायटीत मात्र त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

त्यांनी दवाखान्यात फोन केला. कुत्रा आणखी कुणाला चावला का, असं नर्सने विचारलं. बद्रीनाथांना ते माहीत नव्हतं. कोथरूडच्या या इमारतीत येऊन सहा वर्षं झाली होती, पण पत्नी गेल्यापासून त्यांनी कुणाचं दार वाजवलं नव्हतं.

आज त्यांनी तळमजल्यापासून सुरुवात केली. सेक्रेटरी हिंमतरावांनी सगळं ऐकून घेतलं. "लाड तुम्ही करायचे आणि इंजेक्शनं आम्ही घ्यायची, असंच ना?"

"चावला असेल तर हो. आजच," बद्रीनाथ म्हणाले आणि जिना चढू लागले.

नऊ दारं झाली. कुणालाच काही झालं नव्हतं. दहावं दार आठ वर्षांच्या सृष्टीने साखळी न काढता उघडलं. आईबाबा हिंजवडीच्या कंपनीत, यायला रात्रीचे आठ वाजतात, म्हणाली. बद्रीनाथांनी तिलाही तेच विचारलं. तिने साखळी काढून त्यांना आत घेतलं. मग तिने फ्रॉकची बाही वर केली. दंडावर दातांच्या दोन खुणा होत्या. परवाच्या.

फोनशेजारी चिकटवलेला आईचा नंबर त्यांनी लावला. आई रडत म्हणाली, "काका, माझी वाट बघू नका. तिला लगेच घेऊन जा." त्यांनी पंधरा मिनिटं नळाखाली जखम साबणाने धुतली आणि रिक्षा केली.

डॉक्टरांनी एक औषध जखमेभोवती टोचलं, लस दुसऱ्या दंडात दिली. वेळेत आलात, म्हणाले, आता पुढची एकही तारीख चुकवू नका.

आई वाटेत होती. दोघं बाकावर बसून राहिले.

"घरी का नाही सांगितलंस गं?" बद्रीनाथांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर बंड्याला महापालिकेच्या गाडीत घालून नेलं असतं," सृष्टी म्हणाली. "मग शाळेतून आल्यावर मी कुणाशी बोलले असते, आजोबा?"