चर्चपर्यंतचा नळ

दुसरी बादली डोक्यावर घेऊन ओडिला अंगणात पोहोचली, तेव्हा राजाचा माणूस ओसरीवर घाम पुसत बसला होता. चालत आला होता. बूट चिखलाने बरबटलेले, टाय खिशात कोंबलेला. गाडी नाही, पोलीस नाही, बँड तर नाहीच. ओडिलाने बादली उतरवली आणि तिच्या अंगातलं उरलंसुरलं अवसानच गेलं.

तीन महिने दोघी मायलेकी या दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. ओडिलाची आई, म्हातारी मा युफ्रेझी, आज शंभर वर्षांची झाली. शंभरी गाठली की राजाचं शुभेच्छांचं कार्ड येतं. राजा काही समुद्र ओलांडून येत नाही, म्हणून त्याच्या जागी बेटावर बसणारे गव्हर्नर-जनरलसाहेब ते द्यायला येतात. आणि साहेब जिथवर येणार तिथवर सरकार आधी पोहोचतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साठ वर्षांपूर्वी राणी टेकडीखालच्या चर्चपाशी उतरली, म्हणून डांबर चर्चपर्यंत आलं. नळही चर्चपर्यंतच आला. राणी चढ चढली नाही, तेव्हा पाणी तरी कशाला चढेल? ओडिला शहात्तर वर्षांची, गुडघे सुजलेले, आणि रोजच्या चार बादल्या काही चुकत नाहीत.

म्हणून तर साहेबांच्या कचेरीने कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये ठरवला, खाली उचलून न्यायला माणसं देऊ म्हटलं, तेव्हा म्हातारीने साफ सांगून पाठवलं की आता मी खाली येईन ती शवपेटीतूनच, वाढदिवस घरी होईल. कचेरी कबूल झाली. त्या दिवसापासून ओडिला सकाळ-संध्याकाळ रस्तेवाल्यांची वाट बघत होती. कुदळीचा आवाज काही आला नाही.

"साहेबांची पाठ धरलीय," राजाचा माणूस म्हणाला. तो कचेरीतला जुना कारकून, अल्सिंडोर. "हा चढ त्यांना झेपायचा नाही, म्हणून मलाच पाठवलं."

त्याने पाणी मागितलं. ओडिलाने पेला दिला. दोन पेले त्याने घटाघटा रिचवले आणि तिसरा मागितला. तिला खरं तर राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

मग त्याने थैलीतून जाड कागदाचं कार्ड काढलं. आत राजाचा फोटो, खाली सही. म्हातारीने हातसुद्धा लावला नाही.

"परत ने. मी अजून नव्व्याण्णवची आहे."

अल्सिंडोरने बिचाऱ्याने आदबीने सांगून पाहिलं, की बाप्तिस्म्याच्या वहीत तारीख आहे, कचेरीने दोनदा ताडून पाहिली आहे. म्हातारी म्हणाली, तो पाद्री पक्का दारुडा होता, शुद्धीत असता तर माझ्या चुलतभावाला मुलगी म्हणून लिहिलं नसतं, त्याच वहीत बघ जाऊन.

"आई, घे ना ते," ओडिला म्हणाली. "संपव एकदाचं. मी दमले."

"दमलीस म्हणूनच घेत नाही. गप्प बस." म्हातारी कारकुनाकडे वळली. "आज हे घेतलं की तुमचं काम झालं. परत कोण फिरकतंय इकडे? पुढच्या वर्षी साहेबांना घेऊन ये. गाडीतून."

"मा, पुढच्या वर्षी तुम्ही..." अल्सिंडोर अडखळला. "राजेसाहेबांचं कार्ड असं परत जात नाही हो."

"तग धरायचं माझ्याकडे लागलं. आणि राजाचं काय रे? एक गेला की दुसरा बसतो." म्हातारीने हनुवटीने लेकीकडे खूण केली. "पाणी आणणारी मला एकच आहे."

जन्मात आईने तिच्याबद्दल एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ओडिला भिंतीचा आधार घेत हळूहळू पायरीवर बसली. बसताना गुडघे कडकडले, ते तिघांनाही ऐकू आलं.

अल्सिंडोरने कार्ड थैलीत ठेवलं. मांडीवर पोचपावतीचा कागद घेतला, वयाच्या रकान्यातल्या शंभरावर रेघ मारली आणि शेजारी नीट अक्षरात नव्व्याण्णव लिहिलं.