मागून येणारी ओळ

जुनी गाणी गोळा करत नागपूरहून आलेल्या सुशांतवर नीलकंठचा काडीचाही विश्वास नव्हता. जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या घरात घेण्याआधी त्याने पाहुण्याच्या आधार कार्डाचा फोटो काढून घेतला होता, आणि आता चहा देतानाही त्याची नजर सुशांतच्या बॅगेवरून हलत नव्हती. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. जबलपुरातली म्हातारी मराठी माणसंसुद्धा त्यांची गाणी विसरली. मग यालाच एवढा पुळका कशाचा?

"ही कॅसेट जुन्या बाजारात मिळाली," सुशांत म्हणाला. त्याने कॅसेटवरून मोबाइलवर उतरवलेलं गाणं लावलं. "तुमच्या बाबांच्या, अंबादासजींच्या आवाजाला तोड नाही. पण ऐका, प्रत्येक कडव्यात ते अडतात, आणि मागून एक बाई हळूच पुढची ओळ सांगते. ती कोण?"

नीलकंठने त्याचा डाव ओळखला. आधी कुठली तरी बाई उभी करायची, मग गाणी अंबादासची नाहीतच म्हणायचं, आणि शेवटी स्वतःच्या नावावर खपवायची.

"बंद करा ते," तो म्हणाला. "असेल कोणी कोरसवाली. भैया, ही गाणी माझ्या बाबांनी लिहिली. लहानपणापासून ऐकून राहिलो मी. म्हणून दाखवू?"

खिडकीजवळ मटार सोलत बसलेल्या त्याच्या आईने, शकुबाईने, मान वर केली नाही.

नीलकंठने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. शाल पांघरलेले, हार घातलेले बाबा. त्याने घसा खाकरला.

"नर्मदा चालली एकटी, तिला सासर ना माहेर..."

आणि अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडला.

"दगडालाच सांगते बाई, आपल्या जिवाचा घोर."

ओळ मागून आली होती, हळूच. मोबाइल तर केव्हाच बंद होता. आवाज कॅसेटमधलाच होता, फक्त थकलेला.

नीलकंठ वळला. सकाळपासून बॅगेवर खिळलेली ती संशयी नजर आता आईवर आली.

"आई, खरं सांग. ही गाणी कोणी लिहिली?"

शकुबाईने सोललेले दाणे पातेल्यात टाकले.

"लिहिली कोणीच नाही," ती म्हणाली. "मले कुठं लिहिता येते?"