मरणमिठी

“जगात एकच गोष्ट अमर आहे, आणि ती म्हणजे वैर!” पाहुण्याने उंबऱ्यातच गर्जना केली, आणि मग बूट काढायला स्टूल मागितलं.

कुस्तीच्या मासिकाच्या प्रत्येक मुखपृष्ठावर हे वाक्य छापलेलं असे. मासिक बंद पडून जमाना झाला होता. ज्याच्या नावावर ते खपायचं तो ‘वाघ’ आता भिंतीला टेकून बुटाच्या नाडीशी झुंजत होता, आणि नाडी जिंकत होती.

कुंचल्याने त्याला सोफ्यावर बसवलं, डाव्या खांद्यामागे उशी सरकवली आणि समोरची खुर्ची ओढली. मासिकात सगळे त्याला कुंचलाच म्हणत. फोटो छापायला जाण्याआधी त्यांवर बारीक ब्रशने रंग लावायचा, हे त्याचं काम. इतकी वर्षं कुस्तीवर जगला, पण एकही कुस्ती त्याने खुर्चीत बसून पाहिली नव्हती.

“ह्यांनी कधी माशीसुद्धा मारली नाही,” बायको पाहुण्याला म्हणाली, “आणि नोकरी बघा कसली धरली! शनिवारी तर हमखास ओव्हरटाइम. यायचे ते पाठ धरूनच. माझा अख्खा रविवार मलम चोळण्यात. वाकून वाकून काम, दुसरं काय?”

“खरंय वहिनी,” वाघ म्हणाला. “बैठं काम फार वाईट.”

ती चहा टाकायला आत गेली. वाघाने आवाज उतरवला.

“तुमच्याकडे काम होतं. मला मुखवट्याचा एक फोटो हवाय.”

काळा मुखवटा म्हणजे वाघाचा हाडवैरी. तोंडावर काळं कापड, डोळे-भुवया दिसतील एवढी दोन भोकं. मागच्या दाराने यायचा तो कापड चढवूनच, जायचाही तसाच. मासिक आणि कुस्त्या, दोन्हींचे मालक संपादकच. कोण जिंकणार हे ते सगळ्यांना आधी सांगून ठेवत; मुखवट्याआड कोण, हे मात्र त्यांनी कुणालाही कळू दिलं नाही. वाघालाही नाही.

“छापलेले आहेत की ढीगभर,” कुंचला म्हणाला. त्याचा आवाज मुळातच हळू, कानात सांगितल्यासारखा.

“त्यांत तो मला खायला उठलाय. मला न खाणारा हवाय.”

कुंचला खिडकीबाहेर बघू लागला. वाचकांची पत्रं त्याला आठवली. कुस्तीचे नियम कधी कुणी विचारले नाहीत. सगळ्यांना हवे पकडींचे फोटो. मोठे, जवळून, घाम दिसेल असे. तेलाने चकाकणारे दोन पुरुष, गालाला गाल, एकाचे ओठ दुसऱ्याच्या कानाशी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘मरणमिठी!’

“लोकांना जे बघायचंय ते वैराच्या नावाखाली बघू दे,” संपादक म्हणत. “तू डोळ्यांत राग भर. बाकी आपली जबाबदारी नाही.”

भुवई केसभर खाली ओढली की मिठीची पकड व्हायची, आणि मासिक चारचौघांत वाचता यायचं. कुंचल्याने हे काम इमानेइतबारे केलं. मुखवट्याच्या डोळ्यांना तेवढा रंग जरा जास्त लागे.

“शेवटच्या कुस्तीतला,” वाघ म्हणाला. “मी पडायचं ठरलं होतं. त्याने मला उचललं, आणि फेकायचं सोडून तसाच धरून उभा राहिला. माझ्याकडे बघत. मग एकदम भानावर येऊन टाकलं. मी वेडावाकडा पडलो, खांदा निखळला. तुमच्या मासिकाने छापलं, ‘सुडाने आंधळा!’ पुढे किती शनिवार मी हात गळ्यात बांधून मागच्या दाराशी उभा राहिलो. तो आलाच नाही.”

“राग आला असेल त्याचा.”

“छे हो. मला एवढंच बघायचंय, तो खरंच तसा बघत होता, की माझ्याच डोक्यातलं खूळ. त्या खुळापायी लग्न राहिलं, बरंच काही राहिलं. खूळ असेल तर तसं कळू दे. निदान शांतपणे मरेन.”

“तो फोटो आता कुठला मिळायला,” कुंचला म्हणाला.

“अहो, कपाटावरच्या पेटीत आहेत ना फोटो!” आतून बायको ओरडली. “टाकून द्या म्हटलं तर हात लावू देत नाहीत!”

पेटी खाली आली. फोटो निघाला, सगळ्यांत तळाशी. दोन्ही हातांवर आडवा वाघ, त्याच्यावर झुकलेलं काळं कापड, आणि कापडात दोन जळजळीत डोळे. अर्थात रंगवलेले.

कुंचल्याने कापूस भिजवला, पिळला. हा रंग नुसत्या पाण्याने निघतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. करून कधी पाहिलं नव्हतं. आज त्याने कापूस फोटोवर टेकवला. आधी भुवया गेल्या. मग डोळ्यांभोवतीच्या काळ्या रेघा. कापसावर एवढासा राखाडी डाग पडला. जन्माचं वैर, निघालं चिमूटभर.

खालचे डोळे वाघाने बराच वेळ बघितले. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितले.

“खूळ नव्हतं,” तो म्हणाला.

“नव्हतं.”

“हा मुखवटाही पुसता येतो का हो?”

“नाही. तो रंगवलेला नव्हता.”

वाघाने मान हलवली आणि फोटो जपून कोटाच्या आत ठेवला. आत कपबश्या वाजल्या. चहाआधी हात धुवावेत म्हणून तो उठायला गेला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. कुंचला मदतीला वाकला.

“सावकाश उचल,” वाघ म्हणाला, “आणि डावा खांदा सोडून धर. तो तू एकदा निखळवलायस.”