बापाचं नाव काय?

“बापाचं नाव?” कारकून तू च्येनने तिसऱ्यांदा विचारलं.

“सांगता येत नाही, साहेब,” पेई रान तिसऱ्यांदा म्हणाला.

छिनच्या राज्यात घरटी नोंदणी चालली होती. बांबूच्या पट्टीवर पेई रानचं नाव चढलं होतं. त्याखालची बापाची जागा रिकामी होती, आणि कारकून तू च्येनला रिकामी जागा दातात अडकलेल्या तुसासारखी टोचायची. रांगेत माझा नंबर तिसरा होता. पाय दुखत होते, पण तमाशा फुकट होता.

“सांगता येत नाही म्हणजे? विसरलास?”

“मुलाने बापाचं नाव तोंडातून काढू नये. कुंग गुरुजींची परंपरा आहे आमची. रीत आहे ती.”

“मग लिही.”

“लिहूही नये.”

शेजाऱ्यांना विचारावं तर बापलेक दोनच महिन्यांपूर्वी पूर्वेकडून आलेले. म्हाताऱ्याला सगळे नुसतं ‘आजोबा’ म्हणत. तू च्येनने कुंचला खाली ठेवला.

“हे बघा पंडित, रीत तुमच्या घरी. इथे कायदा चालतो. नाव दडवणाऱ्याला चार वर्षं तटाच्या कामावर धाडतात. माती वाहायची आणि बाजरीची पेज प्यायची.”

“माझे वडील सत्तरीचे आहेत, साहेब. डोळ्यांनी अधू. मी गेलो तर त्यांच्या तोंडात घास कोण घालणार? जरा माणुसकी...”

“माणुसकी!” तू च्येन रांगेकडे बघून हसला. “माणुसकीचं कलम कुठल्या पट्टीवर आहे, दाखव बरं मला. जे लिहिलंय तो कायदा. जे लिहिलेलं नाही ते नाहीच.”

ते वाक्य पेई रानने मनात दोनदा घोळवलं असावं, कारण त्याचे ओठ हलत होते. मला त्याची खरंच कीव आली. मग चेहरा अगदी भोळा करून तो म्हणाला, “साहेब, नाव घ्यायची मनाई मला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही घ्या, मी मान हलवतो.”

तू च्येनची कळी खुलली. कोडी सोडवायला कोणाला आवडत नाही?

“शान?” त्याने सुरुवात केली. शान म्हणजे डोंगर. पेई रानने मान हलवली. नाही. “हू?” म्हणजे वाघ. नाही. “नियू?” म्हणजे बैल. रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. बैलही नाही.

“अरे, काहीतरी खूण तरी सांग!”

“कचेरीत बसून आपण साहेबलोक रोज करता, तेच.”

“शिक्षा?” नाही. “मोजणी?” नाही. “झोप?” हे मागून कोणीतरी पुरवलं. तू च्येनने डोळे वटारले आणि लगेच कपाळावर हात मारून घेतला. “हात्तिच्या! मग सरळ सांगायचं ना!” आणि त्याने तो शब्द खणखणीत आवाजात उच्चारला.

राज्य चालवण्याला आमच्या भाषेत एक छोटासा शब्द आहे. तो मी इथे लिहिणार नाही, मलाही बायकापोरं आहेत. आमच्या नव्या राजाचं नाव तेच. ते जो तोंडातून काढेल त्याचं नाक कापावं आणि जो ऐकून कळवणार नाही त्याचंही कापावं, हे फर्मान चार दिवसांपूर्वी ढोल बडवून खुद्द तू च्येननेच गावाला ऐकवलं होतं. पण जिभेची जुनी सवय इतक्या लवकर थोडीच मोडते!

तू च्येनचा हात आपोआप नाकाकडे गेला.

“आता हे कळवायचं तरी कसं?” काखेत कोंबडी धरलेली एक बाई पुटपुटली. “काय ऐकलंस म्हणून विचारलं, तर तेच सांगावं लागेल की!”

हे सगळ्यांना पटलं. रांगेतली माणसं छताकडे बघू लागली. दारावरच्या पहारेकऱ्यालाही नाक होतंच. मी तर त्या क्षणापासून दोन्ही कानांनी बहिरा झालो.

“पेई साहेब,” तू च्येन हळूच म्हणाला. एकदम साहेब! “तुम्ही शिकलेसवरलेले. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?”

“असतं ना. पण ती बापाची जागा...”

“रिकामी राहू दे! जे तोंडातून काढायचं नाही, ते लिहायचं कसं?” त्याने धाडकन शिक्का मारला.

चार वर्षांची माती टळली. मी पेई रानबरोबर त्याच्या घरापर्यंत गेलो आणि म्हाताऱ्याला सगळी हकीकत मीच रंगवून सांगितली. म्हातारा पोट धरून हसला. हसता हसता थांबला.

“पण माझं नाव तर शान आहे,” तो मुलाकडे वळला. “ते त्याने पहिल्याच फटक्याला घेतलं होतं. आणि तू नाही म्हणालास?”

“म्हणालो नाही, बाबा. मान हलवली. होकारार्थी हलवली असती तर तुमचं नाव त्याच्या पट्टीवर चढलं असतं. नाव तोंडातून काढू नये, लिहू नये, एवढंच आपल्या रीतीत आहे. मान कुठल्या दिशेने हलवावी, ते कुठे लिहिलंय?”

म्हाताऱ्याने आपले अधू डोळे त्याच्यावर रोखले.

“हे मी तुला शिकवलं नव्हतं.”

“नाही, बाबा,” पेजेचा वाडगा त्याच्या हातात देत पेई रान म्हणाला. “हे मी आज कचेरीत शिकलो.”