सौद्याआधी प्रार्थना

अमोलिकसाहेबांनी गाडीच्या चारही टायरांना एकेक लाथ घातली, बॉनेट उघडून आत पाहिलं आणि काही कळलं नाही तरी नकारार्थी मान हलवली. जुनी गाडी घेणाऱ्यानं पहिल्यांदा तशीच हलवायची असते.

"दम नाही राहिला हिच्यात, पाळकीणबाई."

दम चांगला होता. चर्चच्या पाळकांनी अकरा वर्षं ती गाडी पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. चार महिन्यांपूर्वी पाळक गेले. गाडी राहिली, आणि त्यांची बायको मंदाकिनीबाई राहिल्या. दोघींनाही आता येरवड्याच्या त्या चर्चच्या आवारातून हलायचं होतं, कारण एक तारखेला नवे पाळक राहायला येणार होते. घर रिकामं करण्याच्या पत्रावर कमिटीचे सेक्रेटरी म्हणून सही अमोलिकसाहेबांचीच होती. 'ख्रिस्तात प्रिय भगिनी' अशी सुरुवात केली होती. पत्र लिहावं तर त्यांनीच.

"घर बघितलंत का कुठे?" त्यांनी विचारलं.

"वारज्यात मिळतंय. एक खोली आणि स्वयंपाकघर." बाईंनी पदराला हात पुसले. "घरात कमावतं कोणी नाही, म्हणून मालक अकरा महिन्यांचं भाडं आणि वर अनामत आधीच मागतोय. तुमचे गाडीचे दोन लाख आले की परवाच भरून टाकेन."

गॅरेजवाल्यानं गाडीची किंमत दोन लाख दहा हजार काढून दिली होती. घेणारा आपल्याच मंडळीतला, म्हणून वरचे दहा बाईंनी आपणहून सोडले होते. भोळेपणाला औषध नसतं.

"दोन," साहेब म्हणाले आणि बायकोकडे बघितलं. एस्तेरबाई एव्हाना पुढच्या सीटवर बसून आरसा आपल्याकडे वळवत होत्या. त्यांना गाडीचा रंग आवडला होता. साहेबांनी त्यांना खुणेनं बाहेर बोलावलं.

"असं करू. आधी प्रार्थना करू, मग आकड्याचं बोलू."

बाईंना उलट बरंच वाटलं. घासाघीस त्यांना कधी जमली नव्हती. मेथीची जुडीसुद्धा त्या भाजीवाली सांगेल त्या भावाला आणत. तिघांनी बॉनेटवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," साहेबांनी सुरुवात केली. आवाज त्यांना देवानं खरंच छान दिला होता. "तुझा सेवक या गाडीतून तुझ्या कार्याला जात होता. तू त्याला विसावा दिलास. त्याच्या विधवेला सांभाळ. तिच्या मनातली उद्याची काळजी आणि पैशाचा मोह काढून टाक. तुझ्या या दासाचे गुडघे गेलेत, कर्वेनगरातून उपासनेला यायला रिक्षावाले तयार होत नाहीत, हे तू जाणतोस. आम्ही जे एक लाख वीस हजार या भगिनीच्या हाती देत आहोत, ते तिनं आनंदानं स्वीकारावेत. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," एस्तेरबाई म्हणाल्या.

"आमेन," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं की आपण काय म्हणालो. आमेन, म्हणजे तसंच होवो. पासष्ट वर्षांची सवय ती. जेवायच्या आधी, निजायच्या आधी, नवऱ्याच्या पेटीवर माती टाकताना, कोणीही प्रार्थना संपवली की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं.

"अहो साहेब, मी दोन म्हटलं होतं."

"ते आधी. नंतर देवासमोर आमेन म्हटलंत." साहेबांनी डोळे पुसले. "आता ते बदलणारा मी कोण?"

आणि वाईट गोष्ट ही, की माणूस खोटं बोलत नव्हता. गुडघ्यांसाठी त्यानं देवाकडे वर्षभर गाडी मागितली होती. देवानं ती दिली, शिवाय स्वस्तात दिली. देणाऱ्याचा हात कुणाच्या खिशातून येतो याची चौकशी श्रद्धाळू माणसं करत नाहीत. रविवारी उभं राहून सगळ्या मंडळीपुढे याची साक्ष द्यायची, हेही त्यानं मनात ठरवून टाकलं होतं.

बाईंना संताप आला. साहेबांचा आला, त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा आला. आज एकोणतीस तारीख. दोन दिवसांत दुसरं गिऱ्हाईक कुठून आणायचं? आणि आणलं, तरी देवासमोर दिलेला शब्द फिरवायचा कसा? त्यांना तो खरोखरच फिरवता येत नव्हता. हे साहेबांना ठाऊक होतं.

"मग मीही दोन शब्द प्रार्थना करते," त्या म्हणाल्या.

नाही कसं म्हणणार? तिघांचे हात पुन्हा बॉनेटवर आले. पत्रा आता उन्हानं चटके देत होता.

"प्रभू, मला गोड बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "मला दोन लाख लागतात. ते यांच्याकडे आहेत, तुला माहीत आहे. यांनी ते मला द्यावेत. या वयात मला दारोदार फिरवू नकोस. येशूच्या नावानं मागते."

त्या डोळे मिटून थांबल्या. बराच वेळ थांबल्या. एस्तेरबाईंचे ओठ आमेनसाठी उघडले होते, पण साहेबांनी त्यांचं मनगट दाबलं आणि ते पुन्हा मिटले.

मग साहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"पाळकीणबाई, प्रार्थनेत पैशाचे आकडे घालू नयेत," ते अगदी मायेनं म्हणाले. "देवाला आवडत नाही ते."